वजनाच्या ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष सगळे सांगतात; सहाव्या वर्षाचं कोणी बोलेल का?

खामल्याची_मधु (धागाकर्ती, नागपूर)

नमस्कार मंडळी. ऑपरेशन करावं की करू नये, यासाठी हा धागा नाही. ज्यांचं होऊन पाच-सात-दहा वर्षं झाली, किंवा ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांच्याशी बोलायला काढलाय.

माझं गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून आतड्याची जोडणी बदलतात ते, हृदयाचं नव्हे) २०१६ साली झालं, इथेच नागपुरात. वजन ११८ किलो, शुगर इन्सुलिनवर, गुडघे गेलेले. दोन वर्षांत ७२ वर आले. इन्सुलिन सुटलं. बर्डीच्या गर्दीत दिवाळीची खरेदी पायी केली, ते मी आधी विसरूनच गेले होते. आज वजन ८१ आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती नंतरच्या काळाची. पहिल्या वर्षी डाएटिशियनचे मेसेज यायचे, प्रोटीन किती झालं, पाणी किती झालं. व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात आधीचे-नंतरचे फोटो. वर्ष संपलं आणि पॅकेज संपलं. डिस्चार्जच्या कागदावर मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमपुढे "एक वर्ष" असं स्वच्छ लिहिलेलं आहे, कागद अजून माझ्याकडे आहे. सर्जन दुसऱ्या शहरात गेले. ग्रुप हळूहळू गुड मॉर्निंगचा झाला.

पाचव्या वर्षापासून थकवा सुरू झाला. जवळच्या डॉक्टरांनी "पाळी जायचं वय आहे, होतं असं" म्हणून टॉनिक दिलं. मग तळपायाला मुंग्या. गणपतीच्या आधी चितार ओळीत मूर्ती बघायला गेलो होतो, तिथे गर्दीत डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मी तशीच चालत होते. एक पोरगा धावत आला, "काकू, तुमची चप्पल!" मी खाली पाहिलं तेव्हा मला समजलं. पायाला नाही कळलं, डोळ्यांना कळलं.

तपासण्या केल्या तर बी-१२ तळाला गेलेलं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एक आकडी, व्हिटॅमिन डी विचारूच नका. इंजेक्शनं घेऊन मुंग्या बऱ्याच उतरल्या, पण अंगठ्याजवळचा बधिरपणा राहिला तो राहिलाच.

तुमचा फॉलोअप सध्या नक्की कोण बघतं? सर्जन, फिजिशियन, की कोणीच नाही? वर्षाला कोणत्या तपासण्या करता? आणि त्रास झाला तेव्हा समोरच्या डॉक्टरला तुमच्या आतड्याची जोडणी बदललेली आहे हे माहीत होतं का?

---

तर्रीदार

अरे बाप! चप्पल गेली अन् समजलं नाही म्हणजे हद्दच झाली ना ताई.

माझ्या मोठ्या भावाचं स्लीव्ह झालं आहे, म्हणजे जठरच कापून लहान केलं. वजन भारी उतरलं त्याचं, पण ॲसिडिटी अशी की रात्री झोपेत घशात आंबट पाणी येऊन ठसका लागते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून झोपून राहिला भाऊ. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. ऑपरेशनच्या आधी त्याला असं काहीच नव्हतं. तर्रीपोहे तर सुटलेच, साधं वरण जरा तिखट झालं तरी छातीवर हात. हे स्लीव्हमुळे होते का त्याचं आपलं वेगळंच काही आहे?

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

मी फिजिशियन आहे, सर्जन नाही. असे पेशंट माझ्याकडे येतात ते बहुधा ऑपरेशनच्या चौथ्या-पाचव्या वर्षानंतर, आणि ऑपरेशन झाल्याचं स्वतःहून सांगतातच असं नाही. "काही ऑपरेशन?" विचारलं की सिझर सांगतात, अपेंडिक्स सांगतात. पोटावरचे दुर्बिणीचे बारीक व्रण बघून मलाच विचारावं लागतं.

तर्रीदार, तुमच्या भावाचा त्रास स्लीव्हशी जोडलेला असण्याची दाट शक्यता आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरते ती केळीसारखी अरुंद नळी. अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. ज्यांना आधीपासून हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा रिफ्लक्स (आम्ल वर येणं) असतो त्यांना हे जास्त होतं, पण आधी काही नसलेल्यांनाही नव्याने सुरू होतं. नुसत्या गोळीवर वर्षं काढू नयेत. वर्षानुवर्षं आम्ल लागून अन्ननलिकेचं अस्तर बदलू शकतं, त्याला बॅरेट्स म्हणतात, आणि ते कॅन्सरच्या आधीची पायरी ठरू शकतं. स्लीव्ह झालेल्यांनी त्रास नसला तरी काही वर्षांच्या अंतराने एंडोस्कोपी करून घ्यावी, असं आता तज्ज्ञ सांगतात. भावाची शेवटची कधी झाली? त्रास फारच असेल तर स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर हाही एक मार्ग असतो.

मधुताई, तुमच्या बी-१२ बद्दल. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं आणि ते शोषलं जायला जठरातूनच येणारा एक घटक लागतो. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग टाळून खाली जातं, त्यामुळे दोन्ही कमी पडतात. यकृतात मात्र बी-१२ चा काही वर्षांचा साठा असतो. म्हणून पहिल्या वर्षीचा रिपोर्ट छान येतो, पेशंट आणि डॉक्टर दोघंही निर्धास्त होतात, आणि साठा संपल्यावर नसा बोलायला लागतात. त्यात आपल्याकडे शाकाहारी घरात मुळात साठाच कमी. शुगरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्याही बी-१२ खाली आणतात. "एक वर्ष" हे ज्याने लिहिलं त्याने चूक लिहिलं. या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत.

लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळलेला असतो. गोळ्यांनी फेरिटिन चढत नसेल तर शिरेतून लोह द्यावं लागतं. गोळी चहाबरोबर घेऊ नका, दुधाबरोबरही नाही.

---

रामदासपेठकर

मला वेगळं लिहायचं आहे. माझं स्लीव्ह २०१८ मध्ये झालं. त्याआधी मी रात्री श्वासाचं मशीन लावून झोपायचो, बीपीच्या तीन गोळ्या होत्या, गाडीत सीटबेल्ट लागत नव्हता. आज मशीन नाही, गोळी एक आहे. अंबाझरीला रोज सकाळी फिरतो. मला रिफ्लक्स नाही, मुंग्या नाहीत.

असे धागे वाचून ज्याला खरंच गरज आहे तो माणूस घाबरून माघार घेतो. त्याचं वजन, त्याची शुगर त्याला मारणारच आहे, त्याचं काय? कॉम्प्लिकेशन्सचा धागा निघतो, न झालेल्या ऑपरेशनच्या कॉम्प्लिकेशन्सचा निघत नाही.

---

खामल्याची_मधु

रामदासपेठकर, तुमचा शेवटचा मुद्दा मान्य. मला पुन्हा २०१६ मध्ये नेऊन सोडलं तरी मी ऑपरेशन करूनच घेईन. पण तुमची शेवटची बी-१२ आणि फेरिटिन कधी झाली ते सांगा ना. पाचव्या वर्षापर्यंत मीही तुमच्यासारखंच लिहिलं असतं.

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

रामदासपेठकरांच्या बाजूनेही आकडे आहेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, ऑपरेशन झालेले आणि तसेच लठ्ठ पण ऑपरेशन न झालेले, अशी तुलना. त्यात ऑपरेशनवाल्यांचं आयुर्मान सुमारे ३ वर्षांनी जास्त निघालं. त्याच अभ्यासात मधुमेहाचं असं दिसलं की दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांची शुगर औषधाविना नॉर्मल होती, पंधरा वर्षांनी असे ३० टक्के उरले. म्हणजे "शुगर गेली" असं म्हणून ग्लुकोमीटर माळ्यावर टाकायचा नाही. वर्षाला एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि डोळ्यांचा पडदा तपासणं चालूच ठेवायचं.

---

सूर्यनमस्कार_१०८

देवाने दिलेलं जठर कापून टाकायचं आणि मग जन्मभर गोळ्या खायच्या, हा कुठला उपाय? जिभेवर ताबा ठेवला, पहाटे उठून व्यायाम केला, तर कसलीच सर्जरी लागत नाही. आमच्या आजोबांनी शंभरी गाठली.

---

तर्रीदार

आजोबांना नमस्कार. पण राजेहो, माझा भाऊ आखाड्यात जायचा, उपास करायचा, दोनदा वीस-वीस किलो कमी केलं त्यानं, अन् दोन्ही वेळा व्याजासकट परत आलं. ताईनं वरच लिहिलं आहे की करावं की नाही याच्यासाठी धागा नाही. काहून मधात घुसता?

---

भंडाऱ्याची_लेक

मधुताईंचा शेवटचा प्रश्न वाचून लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीचं बायपास झालं होतं. तीन वर्षं सगळं छान. मग जेवणानंतर कधीमधी पोटात पिळवटून दुखायचं, बेंबीच्या वर, डावीकडे. पालथी झोपली किंवा गुडघे पोटाशी घेतले की थोड्या वेळाने थांबायचं. सोनोग्राफी नॉर्मल. एंडोस्कोपी नॉर्मल. "गॅस आहे, कमी खा." आधीच वाटीभर खाणारी मुलगी ती, तिने आणखी किती कमी खायचं?

एका रात्री दुखणं थांबेना. गावातल्या दवाखान्यात दुखायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, "सकाळी बघू" म्हणाले. ती पांढरी पडत चालली होती. माझ्या भावजींनी ऐकलं नाही, रात्रीच गाडी काढून नागपूरला आणलं. कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या मुलीने, अगदी तरुण होती डॉक्टर, पहिला प्रश्न विचारला, "बायपास कोणत्या प्रकारचं झालंय?" आणि लगेच सीटी सांगितला. आतडं आतल्याआत एका फटीतून घुसून पीळ बसला होता. पहाटे ऑपरेशन झालं. थोडं आतडं काढावं लागलं, ती वाचली.

आम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की असं काही होऊ शकतं.

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

त्या ड्युटीवरच्या मुलीला माझा सलाम सांगा.

याला इंटर्नल हर्निया म्हणतात. बायपासमध्ये आतड्याची जोडणी बदलताना आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यामध्ये फटी तयार होतात. सर्जन त्या शिवतात, पण वजन उतरतं तशी पडद्यातली चरबीही वितळते आणि फटी पुन्हा उघडू शकतात. म्हणून हे महिन्यांनी, वर्षांनी होतं, आणि वजन चांगलं उतरलेल्यांनाही होतं. सोनोग्राफीत दिसत नाही. दुखणं थांबलेलं असताना सीटी केला तर त्यातही निसटू शकतं. बायपास झालेल्या माणसाला येऊन-जाऊन पिळवटणारं दुखत असेल, आणि विशेषतः बाई गरोदर असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हेच आहे असं समजून बॅरिॲट्रिक सर्जनला, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्याला, दाखवायचं. शंका दाट असेल तर सर्जन नॉर्मल सीटीवर न विसंबता दुर्बीण घालून बघतात.

पोटदुखीची दुसरी दोन कारणंही लक्षात ठेवा. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पहिले सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड देतात. आणि जोडाच्या जागी अल्सर. त्याची मोठी कारणं म्हणजे सिगारेट आणि दुखण्याच्या गोळ्या. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून खाणं बायपासवाल्यांनी कायमचं बंद. पॅरासिटामॉल चालतं. आपल्याकडे खर्रा घोटत बसणारे मला विचारतात, "सिगारेट नाही ना पीत, मग?" तंबाखू कुठल्याच रूपात नको, एवढंच माझं उत्तर.

---

संत्रानगरी

पाण्याचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून मी काढते. मेमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो. बाकीचे लोक घरी येऊन तांब्याभर पाणी घटाघटा पितात. माझं बायपास झालेलं, मला दोन-तीन घोटांच्या वर जात नाही, जास्त प्यायलं की छातीत गच्च होतं. जेवताना प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यायचं नाही. मग प्यायचं कधी? नोकरी महाल भागात, जाते दुचाकीवर. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात किडनी स्टोन झाला आणि तेव्हा कळलं की बायपासवाल्यांना तो तसाही जास्त होतो.

आता मी बाटलीवर तासांच्या रेघा मारल्या आहेत, मार्करने. दहाला इथपर्यंत, अकराला इथपर्यंत. ऑफिसात हसतात, हसू देत.

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

रेघांची कल्पना उत्तम. स्टोनचं कारण असं. बायपासनंतर चरबी नीट शोषली जात नाही, ती आतड्यातल्या कॅल्शियमला धरून बसते. एरवी कॅल्शियम ऑक्झलेटला, म्हणजे ज्याचे खडे बनतात त्या घटकाला, बांधून शौचावाटे बाहेर नेतं. आता ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात आणि तिथून लघवीत जातं. म्हणून स्टोनच्या भीतीने कॅल्शियम बंद करू नका, उलट जेवणाबरोबर घ्या. पालक, शेंगदाणे, काळा चहा यांच्यावर हात आखडता ठेवा.

आणि कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा सायट्रेट बरं, कारण कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं. दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम एकदम नाही, ५००-६०० चे भाग करून. लोहाच्या गोळीत आणि यात दोन तासांचं अंतर हवं.

---

पाटोडीप्रेमी

महालक्ष्म्यांचा किस्सा सांगतो, बायकोचा. तिचंही बायपास. सासरी पंगत, मोठ्या जाऊबाई वाढायला. "अगं वर्षातून एकदा तर पुरणाची पोळी, अर्धी तरी घे." तिने अर्धी खाल्ली, तूप घालून. तेव्हा काही झालं नाही. दोनेक तासांनी मागच्या खोलीत मला हाक मारली. हात थरथरत होते, साडी घामाने पाठीला चिकटलेली, जीभ अडखळत होती. घरातल्या म्हाताऱ्यांनी लगेच निदान केलं, दृष्ट. मी आईच्या ग्लुकोमीटरवर बघितलं तर शुगर ५२.

डंपिंग (गोड खाल्ल्यावर होणारा त्रास) असतं हे ठाऊक होतं, पण ते लगेच होतं असं वाटायचं. हे दोन तासांनी कसं?

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

दोन प्रकार आहेत. लवकरचं डंपिंग जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत होतं, गोड पदार्थ आतड्यात धाडकन उतरतो, पोटात कळा, जुलाब, धडधड. उशिराचं एक ते तीन तासांनी होतं. साखर झपकन चढते, शरीर इन्सुलिन जास्तच सोडतं आणि साखर घसरते. हे ऑपरेशननंतर लगेच दिसत नाही, बरेचदा वर्ष उलटल्यावर सुरू होतं. त्या क्षणी साखर द्यायचीच, पण थोडी, आणि मागोमाग काहीतरी प्रोटीन, नाहीतर परत तोच झोका बसतो. वहिनींना गाडी चालवताना असं झालं तर काय, हा विचार करा आणि त्यांच्या डॉक्टरांना हे जरूर सांगा. आहार बदलून बहुतेकांचं भागतं, काहींना ॲकार्बोजसारखं औषध लागतं.

जाऊबाईंना काय सांगायचं ते मात्र वैद्यकशास्त्रात नाही.

---

नाव_नको

मुद्दाम नवीन आयडी काढून लिहितेय.

माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो महिन्यातून एखादवेळी मित्रांबरोबर घ्यायचा. दुसऱ्या वर्षानंतर वाढलं. आधी चार पेगला जे व्हायचं ते आता एकात होतं, आणि तितक्याच लवकर उतरतं, मग पुन्हा. आधी त्याचा आधार खाणं होतं, रात्री फ्रिज उघडून बसायचा. ते बंद झालं, मग हे आलं, असं मला वाटतं. घरात कोणाला सांगायची सोय नाही. सगळे म्हणतात किती हँडसम झाला, तुला काय प्रॉब्लेम आहे?

कोणाकडे झालंय का असं?

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बायपासनंतर दारू थेट आतड्यात उतरते, रक्तात लवकर आणि जास्त चढते. स्लीव्हवाल्यांतही असं दिसतं. पिण्याचं प्रमाण दुसऱ्या वर्षापासून वाढतं, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. हा त्यांच्या स्वभावाचा दोष म्हणून भांडू नका, ऑपरेशनची ओळखीची गुंतागुंत म्हणून सर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना दाखवा. वेळ घालवू नका. दारू पिणाऱ्यात बी-१ सुद्धा झपाट्याने कमी होतं. ऑपरेशननंतर उदासी आणि जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचारही काहींमध्ये वाढतात, तसं काही बोलले तर थट्टेवारी नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बी-१ चा विषय निघालाच आहे तर सगळ्यांसाठी: शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला सतत उलट्या होत असतील आणि चालताना तोल जातोय, एकाचे दोन दिसतायत, बोलणं भ्रमिष्ट होतंय असं दिसलं, तर ती इमर्जन्सी आहे. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर अवस्था आणखी बिघडू शकते, आधी थायमिन, म्हणजेच बी-१, द्यावं लागतं. हे वाक्य घरच्यांनी पाठ करून ठेवलं तरी चालेल.

---

खामल्याची_मधु

नाव_नको, तुझ्या विचारपूशीत निरोप ठेवला आहे, बघ. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा नागपुरात होतात आणि घरच्यांसाठीही वेगळा गट असतो.

---

मनीषनगरची_मी

माझं वय २९, स्लीव्हला दहा महिने झालेत. सासूबाईंचा बाळासाठी घोषा सुरू झाला आहे, कारण "आता तर बारीक झालीस, पाळीही नियमित आली". आणि केस, डॉक्टर? मूठमूठ जातायत. मैत्रिणीने झिंकच्या गोळ्या सांगितल्या, घेतेय.

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

बाळासाठी ऑपरेशनपासून साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. वजन उतरत असतानाच्या काळात आईचं पोषणच तोळामासा असतं. वजन उतरलं की बीज सुटायला लागतं आणि दिवस अचानक राहतात, त्यामुळे तोवर खात्रीचं साधन वापरा. बायपासवाल्यांनी पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. दिवस राहिले की स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत ऑपरेशन सांगा. ग्लुकोज पाजून करायची शुगरची चाचणी डंपिंगमुळे अशा बायकांना झेपत नाही, घरी ग्लुकोमीटरवर आठवडाभर बघणं बरं.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळायला लागतात आणि बहुतेकांचे वर्षभरात परत येतात. दहाव्या महिन्यातही मूठमूठ जात असतील तर प्रोटीन, फेरिटिन, झिंक तपासा. पण मैत्रिणीच्या सांगण्यावरून झिंक भरमसाट घेऊ नका. त्याने तांबं खाली जातं, आणि तांबं कमी झालं की मधुताईंसारख्याच मुंग्या आणि तोल जाणं सुरू होतं. बी-१२ नॉर्मल येतं आणि डॉक्टर चक्रावतो.

---

रामदासपेठकर

मधुताई, तुमच्या सांगण्यावरून काल रक्त दिलं. बी-१२ अगदी काठावर, व्हिटॅमिन डी ११. मला खरंच काहीही त्रास नाही. धाग्यावरची माझी भूमिका तीच आहे, फक्त गोळ्या सुरू केल्या आहेत.

एक विचारायचं होतं. वजन सहा-सात किलो परत आलंय. २०२५ पासून ते वजन उतरवायचं मौंजारो इंजेक्शन आपल्याकडे मिळायला लागलं, ते ऑपरेशन झालेल्यांना देतात का?

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

देतात, वजन परत आलेल्यांना उपयोगही होतो. पण आधी वजन का वाढलं ते बघा. तुमचं सहा-सात किलो हे तळाच्या वजनावरून थोडं वर सरकणं आहे, ते बहुतेकांचं होतं. आणि लक्षात घ्या, आधीच कमी खाणाऱ्याची भूक आणखी मारली तर प्रोटीन आणि जीवनसत्त्वं पहिली बुडतात. डी ११ असताना मी तरी आधी ते वर आणीन.

वर्षाच्या तपासण्या मधुताईंनी विचारल्या होत्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हिमोग्राम, फेरिटिन, बी-१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि त्याबरोबर पीटीएच (पॅराथायरॉईड हार्मोन), अल्ब्युमिन, यकृत-मूत्रपिंड, एचबीए१सी लिहून देतो. बायपास असेल तर झिंक आणि तांबंही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा दोन वर्षांनी एकदा तरी. पीटीएच अनेकजण गाळतात, पण रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसत असताना ते हाडातून उपसलं जातंय हे पीटीएचच सांगतं. हे सगळं कुठलाही फिजिशियन बघू शकतो, त्यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या ओपीडीतही दाखवता येईल.

---

भंडाऱ्याची_लेक

बहिणीच्या पर्समध्ये आता ऑपरेशन नोटची लॅमिनेट केलेली झेरॉक्स असते. डिस्चार्ज कार्ड वेगळं, ऑपरेशन नोट वेगळी. नोटमध्ये कोणतं बायपास, आतडं किती लांब सोडलं, फटी शिवल्या की नाही, हे सगळं असतं. हॉस्पिटलकडून मागून घ्या, जुने रेकॉर्ड काही वर्षांनी मिळत नाहीत. आम्हाला मिळवताना नाकी नऊ आले.

---

पाटोडीप्रेमी

इन्शुरन्सचं कोणाला माहीत आहे का? बायकोच्या वेळी आम्ही खिशातून भरलं. आता मेहुण्याचं चाललंय, त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३८ आहे.

---

संत्रानगरी

माझं क्लेममधून झालं. पॉलिसीच्या नियमात बीएमआय ४० किंवा त्यावर, अथवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, म्हणजे आटोक्यात नसलेला टाइप टू मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), हृदयविकार असं काही, आणि डॉक्टरांचा सल्ला हवा. वेटिंग पीरियड पॉलिसीत बघा. ३८ ला नुसत्या वजनावर नाही मिळणार, आजाराचे कागद लावा. पुढच्या वर्षांच्या गोळ्या, तपासण्या, लोहाची इंजेक्शनं मात्र सगळी खिशातून, तो हिशोब मेहुण्याला आधीच सांगून ठेवा.

---

तर्रीदार

भावाची एंडोस्कोपी झाली, धंतोलीत. अन्ननलिकेला सूज आहे, बॅरेट्स नाही म्हणे. गोळीचा डोस बदलला, अन् रात्री सातनंतर जेवायचं नाही असं सांगितलं. आता सातच्या आत जेवते तो, अन् नऊ वाजता आमच्या ताटाकडे पाहून राहते.

---

खामल्याची_मधु

बरं झालं ना पण! सुटलात.

डॉक्टर, एक शेवटचं. थायरॉईडची गोळी सकाळी, लोह दुपारी, कॅल्शियम तीनदा. वेळाच जुळत नाहीत हो. थायरॉईड आणि कॅल्शियममध्येही अंतर लागतं का?

---

वैद्यबुवा_चंद्रपूर

लागतं, चार तासांचं. थायरॉईड पहाटे उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी. कॅल्शियम दुपारच्या जेवणाशी, संध्याकाळच्या खाण्याशी आणि रात्रीच्या जेवणाशी. लोह झोपताना, कॅल्शियमला दोन तास झाले की. आणि वजन बदलल्यावर थायरॉईडचा डोसही बदलतो, टीएसएच कधी केलं होतं शेवटचं?

---

खामल्याची_मधु

मागच्या दिवाळीत. उद्याच देते रक्त.